रक्त तुझंच होतं

रंगनाथ, तुला गावात आणलं त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली नाही. टेम्पो शाळेवरून गेला तेव्हा मी दुसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी सांगत होते. पोरं उठून खिडकीला गेली. मी त्यांना जागेवर बसवलं आणि गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं. मधल्या सुट्टीत हेडमास्तर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, करावं तसं भरावं लागतं. तुमच्या मालकांच्या आत्म्याला आज शांती मिळाली असेल." मी "हो सर" म्हटलं.

संध्याकाळपर्यंत असे चारजण भेटून गेले. गावाच्या लेखी तू माझ्या नवऱ्याचा खून केलास, कोर्टानं तसा निकाल दिला, आणि जेलात काविळीनं तू गेलास म्हणून माझा जीव थंड झाला असणार. तुझ्यासाठी रडायची सोय मला नाही. शेजारीण सांत्वनाला येत नाही, पेढे घेऊन आली नाही एवढंच. म्हणून हे लिहिते आहे. वही माझी स्वतःची आहे, शाळेची नाही, नाहीतर तू तिकडून म्हणशील, "बाई, सरकारी कागद वापरताय व्हय?"

शेवटपर्यंत तू मला बाईच म्हणालास आणि 'तुमी'च म्हणालास. दोघंच असलो तरी. एकदा मी चिडून विचारलं, की अरे, आता तरी नावानं हाक मार. तू म्हणालास, "एकदा सवय लागली की चारचौघांत जीभ घसरंल." मी तुला भोळा समजत होते. आपल्या दोघांत सावध तूच होतास.

साक्षरतेच्या वर्गाला तू तुझ्या आईला सोडायला यायचास. ठकूबाई पन्नाशीची, पाटी मांडीवर घेऊन बसायची. तिच्या नावातलं पहिलंच अक्षर ठ, गोल काढला की निम्मं काम झालं, पण तिचा गोल काही केल्या मिटायचा नाही. तू दाराला टेकून म्हणालास, "आये, असा जॉब काढला तर आमचा फोरमन तोंडावर फेकंल." तू नगरशेजारच्या नागापुरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंडाचे जॉब कातायचास, पहिली पाळी करून एसटीनं यायचास, अंगावर तो खाकी शर्ट आणि त्याला तेलाचा वास. मी तुला म्हटलं, बाहेर थांबा, वर्गात पुरुषांना मनाई आहे. तू बाहेर थांबलास. दुसऱ्या दिवशीही बाहेरच थांबलास. पंधरा दिवसांनी मीच म्हटलं, आत या.

पुढचं तुला माहीत आहे. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्या दिवाळीत आमचे हे पाय मोडून दोन महिने पुण्याच्या दवाखान्यात पडून होते, आणि त्याच दोन महिन्यांतली अश्विनी आहे. ती कुणाची याबद्दल मला कधी शंका नव्हती. तुलाही नव्हती.

तू म्हणायचास, चला, नागापुरात खोली घेतो. मी म्हणायचे, मास्तरीण पळून गेली तर गावातल्या पोरी शाळेला यायच्या बंद होतील. "शाळेला दुसरी बाई मिळंल," तू म्हणायचास, "मला कुठनं मिळंल?" मी हसून विषय बदलायचे. हे आपलं भांडण मिटलंच नाही. तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. पण मी हसायला नको होतं, एवढं आता कबूल करते.

ह्यांच्याबद्दलही आज चांगलंच बोलायचंय मला, रागावू नकोस. ते कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. असल्या माणसाला रामराम कमी आणि शिव्या जास्त. दोन महिने पुण्यात काढून आलेल्या माणसाला बोटांवर महिने मोजता येत नाहीत असं नाही. तरी त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. बारसं थाटात केलं, अश्विनी हे नाव त्यांनीच सुचवलं, आणि तिला खांद्यावर घेऊन ते कालव्यावर जायचे. त्यांचं ते न विचारणं रोज जेवताना माझ्यासमोर बसायचं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिले, तेही इथंच लिहून ठेवते.

अश्विनी दोन वर्षांची होती तेव्हा तुझं आणि ह्यांचं कालव्याच्या दारावर भांडण झालं. ठकूबाईच्या कांद्याची पाण्याची पाळी चुकली, निमित्त ते. दहा माणसांदेखत तू म्हणालास, "तुमाला बघून घीन." असं आपल्याकडे दिवसातून दहा जण दहा जणांना म्हणतात. पण तिसऱ्या दिवशी पहाटे हे कालव्याचं दार उघडायला गेले ते परत आले नाहीत. आणखी तीन दिवसांनी खालच्या दाराला अडकलेले सापडले, डोक्यात घाव. उन्हाळ्याचे दिवस, पाण्यात राहिलेलं अंग. ससूनला न्या, नगरला न्या, असं कुणी म्हणेना. तालुक्याच्या डॉक्टरनं जागेवर येऊन तपासलं आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकलं.

पोलिसांनी तुझ्या घरातल्या खुंटीवरून तो खाकी शर्ट नेला. बाहीला आणि छातीला रक्त. तू म्हणालास, माझंच आहे, लेथवर बोट कापलं. वर्कशॉपमध्ये त्याची नोंद कुठंच नव्हती, कारण तू चिंधी बांधून काम चालू ठेवलंस. तुम्ही सगळे तसंच करता. बोट दाखवलंस तर भरलेली जखम, ती कधीची कोण सांगणार? रक्तगट पाहिला, तर तुझा आणि ह्यांचा एकच निघाला.

मग ते हैदराबादच्या प्रयोगशाळेचं निघालं. तेव्हा आपल्याकडे ते अगदी नवं होतं. रक्ताच्या डागावरून माणूस कोणता ते सांगतात म्हणे, डीएनए का काय. पण डाग ताडून पाहायला ह्यांचं रक्त हवं, आणि ते कुठंच नव्हतं. काढलेला नमुना नासलेला, माणूस जळून गेलेला. फौजदार शाळेत आले आणि मला समजावून सांगायला लागले. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पोरीत निम्मं आईचं असतं, निम्मं बापाचं. तुमचं आणि पोरीचं रक्त द्या. पोरीतलं तुमचं बाजूला काढलं की उरलं ते बापाचं. ते शर्टावरल्या डागाशी जुळलं, की डाग तुमच्या मालकांचा."

आता मी ते सांगते जे तुला कधी सांगता आलं नाही. रंगनाथ, मी आनंदानं गेले. अश्विनीला कडेवर घेऊन, एसटीनं, नगरला. सुई टोचली तेव्हा ती रडली आणि मी तिला राजगिऱ्याची वडी दिली. मनात मी खूष होते. माझा विचार असा होता: अश्विनी ह्यांची नाही, म्हणजे तिचं रक्त ह्यांच्या डागाशी जुळणारच नाही, तिकडून 'जुळत नाही' असं लिहून येईल, आणि तू सुटशील. सगळ्या पोलीस खात्याला मी एकटीनं फसवलं असं मला वाटत होतं.

बघ, मी काय धरून चालले होते. डाग ह्यांचाच आहे, असं. तू बोट पुढं करून सगळ्यांना सांगत होतास की हे माझं रक्त आहे, आणि मी, जी तुला सगळ्यांत जास्त ओळखत होते, तिनंच ते खरं धरलं नाही. मी तुला खुनी मानून वाचवायला निघाले होते. डाग तुझा असला तर काय होईल, हा साधा विचार, दुसरीतल्या पोरालाही सुचेल असा, मला सुचला नाही.

तुला मात्र सुचला. तुझंही रक्त मागितलं होतं. तुझा वकील हाता-पाया पडला, म्हणाला, दे बाबा, तुझा डाग असेल तर तुझ्याशीच जुळेल आणि सुटशील. तू विचारलंस, आणखी कुणाचं घेतलंय? त्यानं सांगितलं, पाटकऱ्याच्या बायकोचं आणि पोरीचं. त्यावर, पोरगी कुणाची ते उघडं पडू नये म्हणून, तू नाही म्हणालास ते कायमचं. हे सगळं मला फार नंतर कळलं, ठकूबाईकडून. तेव्हा गाव म्हणत होतं, मनात पाप आहे म्हणून रक्त देत नाही.

कोर्टात अहवाल वाचला त्या दिवशी मी पुढच्या बाकावर होते, पांढरं कपाळ घेऊन, फिर्यादीची बाजू म्हणून. शर्टावरलं रक्त या मुलीच्या बापाचं आहे, असा त्याचा अर्थ. तुझा वकील दोन दिवस भांडला. शास्त्र नवीन आहे, नमुना नीट ठेवला नव्हता, प्रवासात गरम झाला असेल, यंत्र चुकलं असेल. सरकारी वकील म्हणत होते, चूक होणं शक्य नाही. दोघंही घसा कोरडा करून भांडत होते, आणि अहवाल अगदी बरोबर होता. चूक आमच्या रेशनकार्डात होती. अश्विनीच्या बापाचं नाव तिथं ह्यांचं होतं, आणि कुणालाही, अगदी तुझ्या वकिलालाही, ते तपासावंसं वाटलं नाही.

त्या बाकावर मला कळलं. रक्त तुझंच होतं. तू खरं बोलत होतास. ज्या कागदानं तुला खुनी ठरवलं, त्याच कागदानं मला सांगितलं की तू खोटं बोलला नाहीस. सगळ्या कोर्टात तो कागद नीट वाचता येणारी मी एकटी होते आणि मला तोंड उघडायला जागा नव्हती.

का नव्हती, ते पुन्हा एकदा मांडते, कारण तेव्हापासून मी हेच मांडत बसले आहे. मी उभी राहून सांगितलं असतं, की पोरगी रंगनाथची आहे, तर डाग तुझा ठरला असता. बरं, मग? सरकारी वकिलानं हात चोळले असते. पाण्याच्या पाळीसाठी खून केला, हे लोकांना जरा ओढून-ताणून वाटत होतं. दुसऱ्याच्या बायकोसाठी केला, हे लगेच पटलं असतं. तुझी सुटका झाली नसती आणि मी तुझ्याशेजारी आत आले असते. खरं सांगावं तरी फास, न सांगावं तरी फास.

तरी मी सांगायला निघाले होते, रंगनाथ, हे खरं आहे. जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या व्हरांड्यात तू भिंतीला टेकून बसला होतास, बेडीचं दुसरं टोक पोलिसाच्या हातात, आणि तो पोलीस ओळखीच्या कुणाशी तरी मान वळवून बोलत होता. मी माठातलं पाणी घ्यायच्या निमित्तानं जवळ आले. मी म्हटलं, "मी सांगते सगळं."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणालास, "काय बी सांगू नका. तुमाला बी आत घेत्याल. मग पोरगी कुनाच्या दारात बसंल?"

"आणि तुझं?"

"माजं कोर्ट बघंल. तुमी गप ऱ्हावा."

आपलं शेवटचं बोलणं ते. त्यातही 'तुमी'च.

जन्मठेप झाली. तू औरंगाबादला अपील केलंस आणि ते तिथं पडून राहिलं. मला तुला भेटता येईना, पत्र लिहिता येईना. मेलेल्याच्या बायकोनं मारणाऱ्याला कोणत्या नात्यानं पत्र लिहायचं? एकदा पिठाच्या गिरणीवर ठकूबाई माझ्यामागं रांगेत उभी राहिली. आमची बोलाचाली नाही हे गावाला माहीत, म्हणून ती गिरणीकडेच बघत बोलली, "रंग्या इचारतो, वर्ग चालू हाय का?"

साक्षरतेचा वर्ग बंद पडून तीन वर्षं झाली होती. पाट्या शाळेच्या माळ्यावर होत्या. मी म्हटलं, "चालू आहे म्हणून कळवा." पुढं दर दोन-चार महिन्यांनी ती विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचे. तुला खरं वाटत होतं का, देव जाणे. मला मात्र त्या एका वाक्यावर महिने काढता येत होते.

आणखी एक विचारायचं राहिलं आहे. शर्टावर तुझं रक्त होतं, एवढ्यानं तू मारलं नाहीस असं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. मला शंका येत नाही असं म्हणाले तर ती लबाडी होईल. भांडणाच्या दिवशी कालव्याच्या दारावर ह्यांनी तुला खरंच फक्त पाण्यावरून सुनावलं का? की माणसं जमायच्या आधी अश्विनीचं नाव काढलं? तेव्हा तिथं तुम्ही दोघंच होतात, आणि आता दोघंही नाही. चिडले की मी तुला खुनी ठरवते, आणि मग मला तुझं ते चिंधी बांधलेलं बोट दिसतं. मी विश्वास ठेवते. एकदा ठेवला नव्हता, त्याचं काय झालं ते पाहिलंय.

तू गेलास तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचं. आता मला अडवायला तू नाहीस. तुझ्या वकिलानं ठकूबाईला सांगितलं होतं, की आरोपी मेला की अपील मिटतं आणि शिक्षा तशीच राहते. पण आई, बायको, मूल, भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कुणी तीस दिवसांत अर्ज केला, तर पुढं चालवता येतं. मला वाटलं, ठकूबाई अर्ज करील, मी माझा जबाब देईन, होईल ते होईल. बाराव्या दिवशी ती शाळेत आली, तुझा शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे असं हेडमास्तरांना सांगून. वर्गात आम्ही दोघीच होतो.

"वकील म्हनला, सही करा," ती म्हणाली. "सही येती मला आता, तुमच्या कृपेनं. पर मी करनार न्हाई."

"का पण?"

"धाव्याला कावळा शिवंना. भावकीतल्या समद्यांनी सांगून बघितलं. अपील लढवू म्हनले, तुजं नाव धुऊन काडू म्हनले. तो आपला झाडावर बसून. ऊन डोक्यावर आलं. मग मी वाकून म्हनलं, रंग्या, बाईला कोर्टात वढनार न्हाई. पोरीला काय बी कळू देनार न्हाई. तवा उतरला."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

"बारशाला पाळन्यात वाकले तवापास्नं. माज्या पोराचं कपाळ मला वळखू येनार न्हाई व्हय?"

म्हणजे तीही तो कागद वाचू शकत होती, रंगनाथ. ती मागच्या बाकावर, मी पुढच्या. एवढी वर्षं.

मला राग आला. कुणाचा ते कळेना म्हणून मी तो कावळ्यावर काढला. म्हटलं, मावशी, कावळ्याला भूक लागली की तो खातो, मी पोरांना तेच शिकवते.

"भूक त्याला मगापास्नं हुती की," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुम्ही सही करू नका, मी एकटी जाते. ती बोलली ते लागावं म्हणून नाही, खरंच विचारलं तिनं, "तुमी कोन त्याच्या?"

कायद्यानंही तेच विचारलंय. आई, बायको, मूल, भाऊ, बहीण. त्यातली मी कुणीच नाही. तुझ्यामागं ना बायको, ना भाऊ, ना बहीण; ठकूबाई नाही म्हणाली की उरते एकटी अश्विनी. अर्ज तिच्या नावानं करायचा, आणि तुलाही जाळून टाकलेलं, म्हणजे पुन्हा तिचंच रक्त काढायचं. आता ती आठ वर्षांची आहे. राजगिऱ्याच्या वडीवर भागणार नाही, ती विचारील कशाला. मी अर्ज तीनदा लिहिला. मयताशी नातं, इथपर्यंत यायचे, ते लिहायचे, पानाकडे बघायचे आणि फाडायचे.

काल तिसावा दिवस होता. मी शाळेत गेले, हजेरी घेतली, कविता पाठ करून घेतली. पाच वाजता कोर्ट बंद झालं असेल तेव्हा मी घरी तांदूळ निवडत होते. आता तू कायमचा खुनी आहेस. त्यावर दाद मागायला जागा उरली नाही.

अश्विनी खेळून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, आपल्या पप्पांना ज्यानं मारलं तो मेला ना? वर्गातली पोरं सांगत होती."

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, "बरं झालं."

आजवर मी गप्प राहिले ते तू सांगितलंस म्हणून, असं मला स्वतःला म्हणता येत होतं. काल सांगायला तू नव्हतास, ठकूबाई नव्हती, कावळाही नव्हता. तुझी मुलगी माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती आणि घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला म्हटलं, हात धुऊन ये. आणि तिचं ताट वाढलं.